कारण लेखी द्या : डच भाडेकायदा आणि मराठी घरमालक

नेदरलँड्समध्ये भाड्याचे घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाला दोन वाक्ये लवकरच परिचयाची होतात. पहिले दूरध्वनीवर ऐकू येते. मध्यस्थ अत्यंत सौजन्याने सांगतो की घर रिकामे आहे, पण मालकाची पसंती डच कुटुंबाला आहे. ते ऐकून मन खट्टू होते आणि संध्याकाळी घरात त्याची चर्चा होते. दुसरे वाक्य व्हॉट्सॲपवर, आपल्याच माणसांच्या समूहात वाचायला मिळते : 'ॲम्स्टलवेनमध्ये घर भाड्याने देणे आहे, केवळ भारतीय शाकाहारी कुटुंबांनी संपर्क साधावा.' ते वाचून फारसे कोणाला काही वाटत नाही. मांसाहार करणारा पुढच्या संदेशाकडे वळतो, शाकाहारी नंबर टिपून घेतो.

डच कायद्याच्या दृष्टीने या दोन वाक्यांत मूलतः अंतर नाही. दोन्हींत घर कोणाला द्यायचे याचा निर्णय अर्जदाराची ऐपत, कुटुंबाचा आकार किंवा राहायला येण्याची तारीख पाहण्याआधीच झालेला आहे, आणि तो माणूस कुठला आहे यावरून झालेला आहे. १ जुलै २०२३ पासून अमलात असलेल्या नव्या कायद्याने अशा निर्णयांसाठी घरमालकाला एक साधी पण अवघड अट घातली आहे : निवडीचे निकष आधी जाहीर करा आणि निवडीचे कारण नंतर सांगा. परदेशस्थ मराठी व्यावसायिक आजवर या कायद्याकडे केवळ भाडेकरूच्या बाजूने पाहत आला. त्यांपैकी अनेकांनी आता स्वतःची घरे घेतली आहेत, काहींनी ती भाड्यानेही दिली आहेत. त्यामुळे कायद्याची दुसरी बाजू समजून घेणे आता त्यांनाही टाळता येणार नाही.

कायद्याची चौकट

डच राज्यघटनेचे पहिलेच कलम समतेचे आहे. १९८३ च्या घटनादुरुस्तीत ते आजच्या स्वरूपात आले आणि २०२३ मध्ये त्यात अपंगत्व व लैंगिक कल या दोन आधारांची स्पष्ट भर पडली. परंतु घटनेतील तत्त्व घराच्या दारापर्यंत पोहोचते ते १९९४ च्या सर्वसाधारण समान वागणूक कायद्यामुळे. हा कायदा वस्तू आणि सेवा देताना भेदभाव करण्यास मनाई करतो आणि घर भाड्याने देणे हीदेखील त्यात येते. धर्म, जीवनदृष्टी, राजकीय मत, वंश, लिंग, राष्ट्रीयत्व, लैंगिक कल आणि वैवाहिक स्थिती हे त्यातील आधार आहेत. यांपैकी राष्ट्रीयत्व हा शब्द परदेशस्थांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. 'भारतीय नकोत' हे वाक्य जितके बेकायदा, तितकेच 'भारतीयच हवेत' हेही. युरोपीय संघाने २००० साली केलेला वांशिक समानतेचा निर्देशही घरांच्या व्यवहाराला लागू आहे.

कायदा थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही प्रकारच्या भेदभावाची दखल घेतो. एखादी अट वरवर तटस्थ दिसते, पण तिचा फटका विशिष्ट वंशाच्या, धर्माच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांनाच प्रामुख्याने बसतो, तेव्हा तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. अशी अट टिकवायची तर तिच्यामागचे उद्दिष्ट न्याय्य आहे आणि ते साधण्यासाठी ती खरोखर आवश्यक आहे, हे घरमालकाला दाखवून द्यावे लागते. अर्जदाराला डच आलेच पाहिजे, ही अट याच कसोटीवर तपासली जाऊ शकते.

एक अपवाद मात्र आहे. स्वतःच्या राहत्या घरातील खोली भाड्याने देताना, त्या व्यवहाराचे खासगी स्वरूप लक्षात घेऊन मालक काही वाजवी अटी घालू शकतो. एकट्या राहणाऱ्या बाईने आपल्या घरातली खोली स्त्रीलाच देईन असे म्हणणे हे त्याचे सोपे उदाहरण. परंतु गुंतवणूक म्हणून घेतलेले, स्वतः राहत नसलेले घर भाड्याने देताना या अपवादाचा आधार घेता येत नाही.

मग १९९४ चा कायदा असताना २०२३ मध्ये नवा कायदा कशासाठी करावा लागला? कारण जुन्या कायद्यात मनाई होती, पण निवड कशी होते यावर कोणाचीही नजर नव्हती. नकार मिळालेल्याला नकाराचे कारण कधी कळतच नसे, आणि जे कळत नाही त्याविरुद्ध दाद तरी कशी मागणार? गेल्या काही वर्षांत नेदरलँड्समध्ये पत्रकारांनी आणि संशोधकांनी बनावट ग्राहक बनून मध्यस्थांना दूरध्वनी केले. परदेशी मूळ असलेले भाडेकरू नकोत, अशी इच्छा मालक म्हणून बोलून दाखवली. अनेक मध्यस्थ ती पाळायला तयार झाले. सारखाच मजकूर असलेले अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तेव्हा परकी वाटणाऱ्या नावांना घर पाहण्याची निमंत्रणे कमी आली. अर्ज तोच, पगार तोच, फरक फक्त आडनावाचा.

तत्कालीन गृहनिर्माणमंत्री ह्यूगो द यॉन्ग यांच्या काळात आलेला 'वेत खूत फरहूर्डरस्खाप', म्हणजे चांगल्या घरमालकीचा कायदा, हे त्यावरचे उत्तर आहे. घरमालक आणि मध्यस्थ यांनी भेदभाव टाळण्यासाठी आपली कार्यपद्धती लिहून ठेवली पाहिजे. घराची जाहिरात देताना निवडीचे वस्तुनिष्ठ निकष सांगितले पाहिजेत. ज्यांना नकार दिला त्यांना, निवडलेल्या भाडेकरूची निवड का केली, हे सांगितले पाहिजे. याशिवाय भाडेकरार लेखी हवा, अनामत रक्कम मूळ भाड्याच्या दोन महिन्यांहून अधिक नको, आणि भाडेकरूला त्याच्या हक्कांची लेखी माहिती द्यायला हवी. शेकडो घरे बाळगणाऱ्या कंपन्यांप्रमाणेच एकच सदनिका भाड्याने देणाऱ्या व्यक्तीलाही हा कायदा लागू आहे. 'आमचे एकच घर आहे, आम्ही कसले घरमालक' हा बचाव येथे चालत नाही.

जुना प्रश्न

घरांच्या वाटपातील भेदभाव हा डच समाजाला नवा नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये रॉटरडॅमच्या आफ्रिकानरवाइक या कामगारवस्तीत तुर्की कामगारांच्या खाणावळवजा निवासांवर जमावाने हल्ले केले. दंगल काही दिवस चालली. त्यानंतर नगरपालिकेने कोणत्याही वस्तीत परदेशी आणि स्थलांतरित रहिवाशांचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम केला. १९७४ मध्ये तो वरिष्ठ पातळीवर रद्द झाला. ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांच्याच वस्तीवर मर्यादा घालण्याचा हा प्रयत्न कायद्यात बसला नाही, परंतु तो करावासा वाटला ही गोष्ट बोलकी होती.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या बाइल्मरमेअर भागातील ख्लिपहूव्ह या इमारतीतील रिकाम्या सदनिकांचा सुरिनामी कुटुंबांनी ताबा घेतला. सुरिनामचे स्वातंत्र्य १९७५ मध्ये आले आणि त्या काळात हजारो सुरिनामी नेदरलँड्समध्ये येत होते. त्यांत भारतीय वंशाचे हिंदुस्तानी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी अनेकजण पुढे द हेगमध्ये स्थिरावले. आज द हेगच्या बाजारात कोथिंबीर आणि भेंडी सहज मिळते. ज्यांनी ती तिथे आणली, त्यांनी घरासाठी उंबरठे झिजवले होते. वंशभेदाविरोधी कामासाठी २०२१ मध्ये नेमले गेलेले पहिले राष्ट्रीय समन्वयक राबिन बलदेवसिंग हेही याच समाजातले. सॉफ्टवेअर आणि चिप उद्योगाच्या निमित्ताने आलेल्या मराठी मंडळींना येथील समतेच्या व्यवस्था आयत्या मिळाल्या आहेत. त्यांच्यामागे इतरांचा अर्धशतकाचा झगडा आहे.

अंमलबजावणीचे बळ

नव्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की त्याची अंमलबजावणी नगरपालिकांकडे सोपवली आहे. प्रत्येक नगरपालिकेने तक्रार केंद्र उघडणे बंधनकारक असून तेथे विनामूल्य, आणि हवी असल्यास निनावी, तक्रार करता येते. नगरपालिका आधी ताकीद देऊ शकते, चूक न सुधारल्यास ठरावीक रकमेची आकारणी करू शकते आणि प्रशासकीय दंडही ठोठावू शकते. कायदा लागू झाला तेव्हा या दंडाची कमाल मर्यादा २२,५०० युरो होती. पुनरावृत्ती झाल्यास ती ९०,००० युरोंपर्यंत जात होती. या मर्यादा ठरावीक काळाने वाढवल्या जातात. अगदी टोकाच्या प्रकरणात घराचे व्यवस्थापन मालकाच्या हातून काढून घेण्याची तरतूदही आहे.

दुसरा मार्ग मानवाधिकार संस्थेचा. उट्रेख्त येथील ही राष्ट्रीय संस्था २०१२ मध्ये पूर्वीच्या समान वागणूक आयोगाच्या जागी आली. तिच्याकडे दाद मागण्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. येथील पुराव्याचा नियम महत्त्वाचा आहे. तक्रारदाराने भेदभावाचा संशय निर्माण होईल अशी तथ्ये मांडली, की भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्या पक्षावर येते. संस्थेचा अभिप्राय बंधनकारक नसतो, नुकसानभरपाईसाठी न्यायालयातच जावे लागते. परंतु असा अभिप्राय हाती असलेला तक्रारदार रिकाम्या हाताने न्यायालयात जात नाही. शिवाय २००९ च्या कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेने आपल्या रहिवाशांना भेदभावविरोधी मदत केंद्राची सोय करून दिलेली असते.

कागदावर हे सारे भक्कम दिसते. प्रत्यक्षात त्याची धार दोन गोष्टींमुळे बोथट होते : घरांची टंचाई आणि परदेशस्थांचे मौन.

टंचाई आणि निवड

नेदरलँड्समध्ये सुमारे चार लाख घरांची तूट असल्याचे अलीकडचे अंदाज सांगतात. एका घरासाठी अर्जांचा ढीग पडतो, तेव्हा नकार हा नियम असतो आणि होकार अपवाद. इतक्या नकारांच्या गर्दीत पक्षपाती नकार वेगळा ओळखायचा कसा? मालक म्हणणार, दुसऱ्या अर्जदाराचा पगार अधिक होता, आणि ते खरेही असू शकते.

१ जुलै २०२४ रोजी आलेल्या दोन कायद्यांनी या चित्रात भर घातली. परवडणाऱ्या भाड्याच्या कायद्याने घराचे क्षेत्रफळ, ऊर्जेची प्रतवारी, सोयी इत्यादींना गुण देऊन भाड्याची कमाल मर्यादा ठरवण्याची पद्धत मधल्या वर्गातील घरांनाही लागू केली. १८६ गुणांपर्यंतची घरे तिच्या कक्षेत आली. त्याच दिवसापासून अनिश्चित मुदतीचा भाडेकरार हा सर्वसाधारण नियम झाला आणि ठरावीक मुदतीचे करार मोजक्या अपवादांपुरते उरले. भाडेकरूच्या दृष्टीने दोन्ही बदल स्वागतार्ह होते. परंतु उत्पन्न घटलेल्या अनेक गुंतवणूकदारांनी भाडेकरू गेल्यावर घर पुन्हा भाड्याने देण्याऐवजी विकायला काढले. घर घेऊ पाहणाऱ्यांना ते लाभाचे ठरले; भाड्याने शोधणाऱ्यांसाठी मात्र पर्याय आणखी आटले. एकदा भाडेकरू ठेवला की तो सहज बदलता येत नाही म्हटल्यावर मालकही निवडीत अधिक चोखंदळ झाले. चोखंदळपणा आणि पूर्वग्रह यांच्यातील सीमारेषा अशा वेळी फार पातळ होते.

उत्पन्नाचा निकष हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत सुरक्षित. भाड्याच्या तिप्पट किंवा चौपट पगार मागणे ही येथील रूढ प्रथा आहे. आर्थिक निकषांना कायद्यात बरीच मोकळीक आहे, हे २०१७ च्या एका निकालातही दिसले. २००५ मध्ये संमत झालेल्या, 'रॉटरडॅम कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार काही वस्त्यांत नव्याने राहायला येणाऱ्यांना उत्पन्नाची अट घालता येत असे. टारवेवाइक या वस्तीत दोन मुलांसह राहणाऱ्या एका एकल मातेला, तिचे उत्पन्न नोकरीचे नाही आणि शहरपरिसरातील वास्तव्य पुरेशा वर्षांचे नाही म्हणून, त्याच वस्तीतील दुसऱ्या घराचा परवाना नाकारला गेला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने बहुमताने डच सरकारच्या बाजूने कौल दिला. म्हणजे गरिबीवरून दार बंद करणे काही प्रसंगी कायद्यात बसते. वंशावरून बंद करणे बसत नाही. ज्याला दुसरे करायचे आहे, त्याला पहिल्याचा आडोसा घेता येतो.

उच्चशिक्षित स्थलांतरित म्हणून आलेल्या मराठी अभियंत्याला या व्यवस्थेत आणखी एक विचित्र स्थान आहे. पगार चांगला, कंपनीचे पत्र सोबत, काही वर्षे करसवलत. त्यामुळे काही मालक त्याला नाकारतात, तर काही मुद्दाम त्यालाच शोधतात. 'परदेशी व्यावसायिकांना प्राधान्य' अशा जाहिरातींमागे केवळ आदरातिथ्य नसते. भाडे ठरवण्याची गुणपद्धती ज्याला ठाऊक नाही, भाडे आयोगाकडे जाण्याइतका ज्याला वेळ नाही आणि जो दोन-तीन वर्षांत निघून जाईल, असा भाडेकरू कोणाला नको असेल? असे प्राधान्य मिळणारा भाडेकरू त्याची किंमतही मोजतो. डच शिक्षिका किंवा परिचारिका त्याच घरासाठी रांगेत उभी असते, तिला मिळणारा नकारही याच व्यवहाराचा भाग असतो.

यापुढचा अडथळा मौनाचा. नव्या देशात आलेल्या कुटुंबाला पत्त्याची नोंदणी हवी असते, कारण त्यावर नागरिक सेवा क्रमांक, बँक खाते, मुलांची शाळा हे सारे अवलंबून असते. तक्रार करून नाव खराब होईल, कंपनीला कळेल, पुढचा मध्यस्थ दार उघडणार नाही, अशी भीती असते. पहिले घर मिळाल्यावर विषय संपतो. याच कारणाने अनेकांनी घरमालकासाठी काम करणाऱ्या मध्यस्थालाच मुकाट्याने दलाली भरली. वास्तविक संकेतस्थळावर घराची जाहिरात देणारा मध्यस्थ मालकासाठीही काम करीत असेल, तर भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही, हे डच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे; पाच वर्षांच्या मुदतीत ती रक्कम परत मागता येते.

आपल्या घराचे दार

आता पुन्हा त्या व्हॉट्सॲप संदेशाकडे वळू. ॲम्स्टलवेन, हूफ्डॉर्प, आइंडहोवन, फेल्डहोवन या भागांत भारतीय कुटुंबांनी मोठ्या प्रमाणावर घरे घेतली आहेत. कोणी मोठ्या घरात गेले, कोणी पुण्याला परतले, कोणाची बदली झाली. जुने घर भाड्याने दिले जाते, आणि भाडेकरू ओळखीतून शोधला जातो. त्यात वाईट हेतू क्वचितच असतो. आपल्या सवयी जाणणारे कुटुंब असावे, घर नीट राखावे, भाडे वेळेवर यावे, एवढीच अपेक्षा असते. परंतु हीच अपेक्षा डच मालकाचीही असते. 'मसाल्याचा वास भिंतींत मुरतो' असे म्हणून भारतीय कुटुंबाला टाळणाऱ्या मालकाचा आपल्याला राग येतो. 'मटणाचा वास स्वयंपाकघरात मुरतो' म्हणणारा आपला माणूस मात्र आपल्याला समजूतदार वाटतो. आपले ठेवावे झाकून अन् दुसऱ्याचे पाहावे वाकून, असा हा प्रकार आहे.

कायदेशीरदृष्ट्या त्या संदेशातील 'केवळ भारतीय' हे शब्द सरळसरळ अडचणीचे आहेत. राष्ट्रीयत्व आणि वंश हे दोन्ही आधार तेथे लागू होतात. 'शाकाहारी' हा शब्द थोडा गुंतागुंतीचा आहे. आहार हा समान वागणूक कायद्यातील स्वतंत्र आधार नाही. परंतु ही अट घातली की मुसलमान, ख्रिस्ती आणि बहुसंख्य मराठी हिंदूही वगळले जातात, आणि तिचा धर्माशी व वंशाशी असलेला संबंध उघड आहे. अप्रत्यक्ष भेदभावाच्या कसोटीवर ती टिकवणे मालकाला सोपे जाणार नाही. घर स्वच्छ राहावे हा हेतू असेल, तर स्वयंपाकघराची निगा, धूर ओढणाऱ्या यंत्राची सफाई, घर सोडताना करावयाची दुरुस्ती, हे सारे करारात लिहिता येते आणि प्रत्येक भाडेकरूला सारखेच लागू करता येते. त्यासाठी भाडेकरूच्या ताटात डोकावण्याची गरज नाही.

याहून नाजूक प्रश्न जातीचा आहे. ओळखीतून भाडेकरू शोधताना 'मूळ गाव कोणते', 'आडनाव काय' हे प्रश्न सहज विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवरून काय ताडले जाते, हे मराठी माणसाला सांगायला नको. डच कायद्यात जातीचा वेगळा उल्लेख नाही. परंतु तेथील 'वंश' ही संज्ञा वर्ण, कूळ, राष्ट्रीय आणि वांशिक मूळ यांना कवेत घेते. ती ज्या आंतरराष्ट्रीय करारातून येते, तो वांशिक भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार. त्यात 'कूळ' हा शब्द घालण्याची सूचना खुद्द भारताने केली होती. या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ मध्ये कुळावर आधारित भेदभावात जातीभेदाचाही समावेश होतो असे स्पष्ट केले. भारत सरकारने हा अर्थ मान्य केलेला नाही. तरीही डच भूमीवर जातीवरून घर नाकारले गेल्यास तक्रारदाराला युक्तिवादाचा मार्ग मोकळा आहे. हा प्रश्न तेथे कधी उपस्थित झाला, तर त्याची बातमी मराठी माणसासाठी सुखद नसेल.

मुंबईचा आरसा

या सवयी आपण येथे येऊन शिकलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंड येथे एका मराठी महिलेला, ती महाराष्ट्रीय आहे म्हणून, इमारतीत कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. तिने केलेली चित्रफीत घराघरांत पाहिली गेली, राजकीय पक्ष पुढे सरसावले, पोलिसांत तक्रार नोंदली गेली. परदेशातील मराठी समूहांवरही त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. २०२४ मध्ये विधान परिषदेचे सदस्य अनिल परब यांनी नव्या इमारतींतील निम्मी घरे काही काळ मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत, अशा आशयाचे अशासकीय विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला.

त्या संतापाचे मूळ खरे होते. परंतु चर्चेत एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही : मराठी माणसाला घर नाकारणे जर चूक, तर त्याच शहरात मुसलमान कुटुंबाला, दलित विद्यार्थ्याला, एकट्या स्त्रीला घर नाकारणे चूक का नाही? भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्यापुरता खासगी भेदभावाला प्रतिबंध आहे. खासगी घर भाड्याने देण्याचा व्यवहार त्यात स्पष्टपणे येत नाही. गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या प्रकरणात ग्राह्य धरले. भेदभावाविरुद्ध सर्वसमावेशक कायदा व्हावा यासाठी शशी थरूर यांनी मांडलेले खासगी विधेयक संमत झाले नाही. परिणामी मुंबईत ज्याला घर नाकारले जाते, त्याला दाद मागायची तर पक्ष, प्रसारमाध्यमे आणि गर्दी यांचाच आधार उरतो. ज्याच्यामागे गर्दी नाही, तो बॅग उचलून पुढच्या इमारतीत विचारतो.

डच व्यवस्थेत आणि महाराष्ट्रातील प्रतिक्रियेत हा मूलभूत फरक आहे. एकीकडे विशिष्ट समाजासाठी जागा मागितली जाते, दुसरीकडे प्रत्येक नकाराला कारण मागितले जाते. पहिल्या मार्गाने जो बलवान त्याला न्याय मिळतो. दुसऱ्या मार्गाने तो मिळेलच याची खात्री नाही, पण मागण्याचा हक्क नावगाव न पाहता सर्वांना असतो. अमेरिकेने हा मार्ग १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात मंजूर झालेल्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने धरला. त्यातही मालक स्वतः राहत असलेल्या लहान इमारतींना सूट आहेच. कोठेही कायद्याने पूर्वग्रह नाहीसे केलेले नाहीत. त्याने पूर्वग्रहाला उत्तर देण्यास भाग पाडले, इतकेच.

दोन्ही बाजूंची जबाबदारी

भाडेकरू म्हणून मराठी कुटुंबाला आज करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. निवडीचे निकष काय, हे ई-मेलने विचारावे. नकार आल्यावर कारणही ई-मेलनेच विचारावे. दूरध्वनीवर काही खटकणारे ऐकले, तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेवावे आणि जे बोलणे झाले त्याचा सारांश मध्यस्थाला सौम्य शब्दांत कळवावा. उत्तर आले नाही तर ते मौनही पुराव्याचा भाग ठरू शकते. तक्रार नगरपालिकेकडे करावी, घर दुसरीकडे मिळाले असले तरी. ॲमस्टरडॅममध्ये 'वोन' ही संस्था भाडेकरूंना विनामूल्य सल्ला देते. एकट्याची तक्रार किरकोळ वाटते, परंतु एकाच मध्यस्थाविषयी अशा दहा नोंदी झाल्या की नगरपालिकेला त्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

घरमालक म्हणून करायच्या गोष्टीही तितक्याच साध्या आहेत. गृहकर्ज असेल तर घर भाड्याने देण्यापूर्वी बँकेची परवानगी घ्यावी. निकष चार ओळींत लिहावेत : किमान उत्पन्न, राहणाऱ्यांची संख्या, उपलब्ध तारीख, धूम्रपान वा पाळीव प्राण्यांविषयीचे धोरण. एकाहून अधिक अर्जदार निकषांत बसत असतील, तर त्यांतून निवड कशी करणार, अर्जाच्या क्रमाने की चिठ्ठी टाकून, हेही आधीच ठरवावे. मध्यस्थ नेमला असेल, तर त्याला तोंडी सूचना देऊन आपले हात कोरडे ठेवता येतील अशा भ्रमात राहू नये. भेदभाव करणारी सूचना देणारा आणि ती पाळणारा, दोघेही जबाबदार असतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : माझे घर, माझ्या कष्टाचे पैसे, मग कोणाला द्यावे हे मी का ठरवू नये? हा प्रश्न खोटा नाही आणि डच संसदेतही मालकांच्या बाजूने तो मांडला गेला आहे. त्याचे उत्तर असे की ठरवण्याचा अधिकार कायद्याने काढून घेतलेला नाही. उत्पन्न पाहा, आधीच्या मालकाचे पत्र मागा, प्रत्यक्ष भेटा. फक्त जे ठरवाल ते अशा शब्दांत सांगता आले पाहिजे की नाकारलेला माणूस ते वाचू शकेल.

याचा अनुभव घेण्यासाठी तक्रारीची वाट पाहण्याची गरज नाही. घर भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबाने रात्रीच्या जेवणानंतर त्याच टेबलावर बसून, नाकारलेल्या अर्जदाराला पाठवायचे एक वाक्य लिहून पाहावे. 'आपल्यापेक्षा दुसऱ्या अर्जदाराचे उत्पन्न अधिक असल्याने' हे वाक्य सहज लिहून होते. 'आपण मासे खाता म्हणून', 'आपले आडनाव पाहून' हे लिहिताना लेखणी अडखळते. जिथे ती अडखळते, तिथेच डच कायदा सुरू होतो. मुलुंडच्या त्या चित्रफितीतील स्त्रीला कोणी असे एक वाक्य लिहून द्यायला तयार झाले नसते, हेही त्या वेळी आठवून पाहावे.